खिळ्यावरचं घड्याळ

रवळू, तो कागद असा उभ्याउभ्या वाचून होत नाही.
बस इथे, खोक्यावर. चहा ओत.

"वायव्येचा वारा, पंधरा ते वीस नॉट"
वाचलंस, आणि मनात एक वारा धरलास,
सरळ, इस्त्री केलेला.
तसा वारा मी अजून पाहिला नाही.
वीस ही सरासरी आहे. सरासरीत कोणी बुडत नाही,
बुडतो तो झोतात. झोत तिसाचा धर.
लाटेचंही तेच: दीड मीटर लिहिलंय,
पण त्या शेकड्यात एखादी तीनची असते
आणि तिची वेळ कुणी छापत नाही.

आपल्या आचऱ्याच्या दर्यात लाट म्हशीसारखी उठते,
सावकाश, कळवून.
हे आखात उथळ. परातीतलं पाणी.
परात हलली की कडेला काय होतं?
तशा इथल्या लाटा, आखूड, उभ्या,
एकीतून नाळ वर येईपर्यंत दुसरी डोक्यावर.

आता वेळ बघ. शेवटी बारीक झेड आहे ना?

त्या झेडची गोष्ट सांगतो.
इथेच, रास अल खैमाच्या खाडीत, कांदळाच्या कडेला
लाँच बांधलेली. जानेवारी.
खसबला जायचं, पोटात फरशा
आणि डेकवर तीस कमोड, पुठ्ठ्यात, दोरांनी आवळलेले.
जुसब नाखवा सलायाचा. त्याला वाचता येत नव्हतं.
मला येत होतं, तेच मुळावर आलं.
मी वाचलं: शमाल, रात्री दोनपासून.

संध्याकाळभर आग्नेयेचा कौस वाहत होता,
ओलसर, अंगाला चिकटणारा.
दोन वाजले. कौसच.
साडेतीनला तोही पडला, पाणी तेलासारखं.
मी म्हटलं, नाखवा, अंदाज खोटा. निघू या.
जुसबने काचेवर टिचकी मारली. काटा खाली, अजून खाली.
म्हणाला, कौस मेला की मागून शमाल येतो.
मग माझ्याकडे बघितलं.
"तू कागद वाचलास ना?"
"वाचला."
"मग चल."
आयुष्यभराचं नाक त्याने
माझ्या सातवी पास डोळ्यांवर सोडलं.

चारला दोर सोडले.
सहाला,
दोनात चार मिळवले की सहा होतात, दुसरीतलं गणित,
वायव्येला तपकिरी भिंत उभी राहिली.
उजवीकडे मुसंदमचे डोंगर, थेट पाण्यातून वर,
आणि वारा आम्हाला तिकडेच लोटत होता.
किनारा जवळ असला की बरं वाटतं, रवळू.
ते बरं वाटणं सोडून दे.

जुसबने नाळ बाहेर वळवली, भर दर्याकडे.
"वरचं वजन काढा."
तेवीस कमोड आम्ही पाण्यात दिले,
पांढरेशुभ्र, लाटेवर क्षणभर बसल्यासारखे,
मग गुपचूप खाली.
मोईन हसला. मग ओकला. मग रडायला लागला,
तेव्हा त्याला कुणी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा थकला.
जुसब मला एक शब्द बोलला नाही.
कुठल्याशा इंजिनियरला विचारून आला,
मनगटावरचं घड्याळ काढलं,
चार तास मागे केलं
आणि सुकाणूजवळ खिळ्याला अडकवलं.

कागदावरची वेळ आपली नसते.
विलायतेतल्या कुठल्या गावाची असते,
तिथे आत्ता लोक झोपलेत.

काल तू म्हणालास, काका, ते घड्याळ बिघडलंय,
नीट लावू का?
हात लावू नकोस.
रोज चावी देतो मी त्याला.

सांग, शून्य सहा झेड म्हणजे आपले किती?
दहा. हां.
आता जा, काचेतला काटा बघून ये.
आणि खोटं सांगू नकोस,
कमी झाला असेल तर कमीच सांग.